पोराला एकदाच सांगू द्या

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात नववीतली मुलगी आपल्या बाईंना घरातलं किंवा वाटेवरचं काही सांगते. त्या क्षणापासून मोजत जा. बाई मुख्याध्यापकांना सांगतात. मुख्याध्यापक खात्री करायची म्हणून मुलीला ऑफिसात बोलावून पुन्हा विचारतात. मग आई विचारते. आई रडत रडत मावशीला फोन करते, मावशी संध्याकाळच्या एसटीने येते आणि तीही विचारते. मग पोलीस ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षक, सिव्हिलमधल्या डॉक्टर. मग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं कलम १८३ झालं, तरी कोर्टाच्या आवारात त्याला अजून जुन्या कलमाच्या आकड्याने '१६४'च म्हणतात. मग बाल कल्याण समिती, समुपदेशक, सरकारी वकील आणि शेवटी साक्षीच्या दिवशी भरलेलं कोर्ट. दहा-अकरा माणसं झाली. यातलं कुणीच वाईट नसतं, मावशीसुद्धा नसते. प्रत्येकाला आपापल्या कामापुरती माहिती हवी असते. पण पोरीच्या बाजूने पाहिलं तर तीच गोष्ट दहा वेळा, दहा खोल्यांत, दहा वेगवेगळ्या चेहऱ्यांसमोर सांगायची असते. आणि प्रत्येक वेळी एखादा तपशील इकडचा तिकडे झाला, की पुढे उलटतपासणीत तोच तिच्यावर उलटतो.

समाजकार्य महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत मुलांच्या हक्कांवर काम करणारी जी माणसं असतात, म्हणजे प्राध्यापक, क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षक, एमएसडब्ल्यूची (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची) पोरंपोरी, जुने विद्यार्थी, त्यांच्या कामाचं वर्णन 'मुलांना वाचवणं' असं केलं जातं. पेपरात फोटोही तसेच येतात. प्रत्यक्षात त्यांचं खरं काम ही दहाची संख्या खाली आणणं हे आहे. दहाची चार झाली तरी वर्ष सार्थकी लागलं म्हणायचं.

विद्यापीठांनी या कामात पडायचं काय कारण, असं विचारणाऱ्यांना १०९८ या मुलांसाठीच्या मदत-नंबरचा जन्म सांगावा. चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पातून उभी राहिली. पुढे ती देशभर पसरली आणि २०२३ मध्ये केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली सरकारी यंत्रणेत जाऊन ११२ या आपत्कालीन नंबरला जोडली गेली. आपल्याकडे साताऱ्याजवळ जकातवाडीला समाजकार्याचं महाविद्यालय आहे, शेजारी कोल्हापुरात एमएसडब्ल्यू शिकवणाऱ्या संस्था आहेत, आणि सांगली-साताऱ्याच्या खेड्यांतून तिथे शिकायला जाणारी मुलं आहेत. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याचं लेखी रेकॉर्डिंग आणि पर्यवेक्षकाबरोबर बैठक हा या शिक्षणाचा कणा. ही दोन दिवसांची चौकट फार उपयोगी आहे आणि तितकीच अडचणीचीही. ती अडचण पुढे येईलच.

पहिली चूक बहुतेक वेळा शाळेतच होते, म्हणून पहिलं काम शाळेत. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं, त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. कायदा खात्री करा असं कुठेही म्हणत नाही. पण मुख्याध्यापकांना शाळेचं नाव डोळ्यांपुढे दिसतं, संस्थाचालकांचा फोन येतो, आणि 'आधी आपण आपल्यात बघू' सुरू होतं. २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण काही ठिकाणी ही समिती मुलीला मध्ये बसवून आणि सात-आठ जणांनी गोल करून चौकशी घेते. असा घोळका टाळायला शिकवणं हे विद्यार्थ्यांच्या शाळाभेटीचं खरं काम. शिक्षकांना सांगायचं एवढंच: पोरगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला, आपण काय विचारलं तेही लिहा, आणि फोन उचला. बाईंनी नीट लिहिलेला हा अर्ध्या पानाचा कागद पुढे बरीच विचारपूस वाचवतो.

'कुणाला सांगणार नाही ना?' असं मूल विचारतं तेव्हा नव्या विद्यार्थ्याच्या तोंडून 'नाही, शपथ' निघून जातं. ते वचन कायद्यानेच मोडावं लागतं आणि त्यानंतर ते मूल कुणालाच काही सांगत नाही. याचं उत्तर आधीच पाठ असावं लागतं: 'ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत होणार नाही, तेवढ्यांनाच सांगणार. आणि कुणाला सांगितलं ते तुला आधी सांगणार.'

बोलायला बसण्याची रीत शिकवता येते, पण वर्गात ऐकून येत नाही. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, टेबल मध्ये ठेवायचं नाही. दार ढकललेलं असावं पण कडी लावलेली नसावी, आणि मुलाला ते दिसत असावं. आधी पाच-दहा मिनिटं भलतंच बोलायचं: शाळेत काय चाललंय, म्हैस व्याली का, कबड्डीत कुठल्या जागेवर खेळतोस. यातून दोन गोष्टी कळतात. मूल किती सविस्तर बोलू शकतं आणि घरच्या माणसांना ते काय म्हणून हाक मारतं. 'नाना' म्हणजे आजोबा, थोरले चुलते की शेजारचे गृहस्थ, हे आधीच कळलेलं बरं. नंतर जबाबात नाना कोण यावरून गोंधळ झाला तर तो निस्तरत नाही. मग नियम सांगायचे: माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, मी चुकलो तर मला दुरुस्त कर. हे खरंच समजलंय का ते पाहायला मुद्दाम एक चूक करायची, 'तू सहावीत ना?' असं म्हणायचं. 'न्हाय, सातवीत' असं ठणकावून आलं की पुढे जायला हरकत नाही.

प्रश्न उघडे ठेवायचे. 'काय झालं ते सांग', 'मग?', 'त्याबद्दल अजून सांग'. 'त्याने इथे हात लावला का?' हा प्रश्न कोर्टात टिकत नाही, कारण उत्तर प्रश्नातच आहे. 'का' तर चुकूनही नको. 'तू ओरडली का नाहीस?' यात दोष पोरीच्या पदरात पडतो, विचारणाऱ्याला कितीही कळवळा असला तरी. तारीख विचारून उपयोग नसतो, ती मुलांच्या लक्षात नसते. बेंदराच्या आधी का नंतर, गावच्या यात्रेला पाहुणे होते तेव्हा का, चाचणी परीक्षा चालू होती का, असं विचारलं की वेळ बरोबर सापडते. शरीराच्या भागांना मूल जो शब्द वापरतं तोच कागदावर उतरायला हवा. त्याचं शुद्ध मराठी करायचा मोह पांढरपेशा घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना फार होतो. 'गुप्तांग' हा शब्द आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी लिहिला, की बचावाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो: हे तुला कुणी शिकवलं?

भाषेचा आणखी एक पेच इथलाच आहे. जत तालुक्याच्या पूर्वेला, उमदी-संखच्या बाजूला, कितीतरी घरांत बोलणं कानडीतच चालतं. शाळा मराठी किंवा कानडी, घर कानडी, पोलीस ठाणं मराठी. ऊसतोडीला आलेल्या लमाण तांड्यांवरची मुलं गोरमाटी बोलतात. कायद्यात दुभाष्याची सोय आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाने त्यांची यादी ठेवायची असते आणि मानधनही द्यायचं असतं. प्रत्यक्षात दुभाषी म्हणून शेजारच्या दुकानदाराला किंवा मुकादमाला बोलावलं जातं, म्हणजे ज्याच्यासमोर मूल कधीच बोलणार नाही त्यालाच. कॉलेजच्या पटावर कानडी बोलणारे आणि गोरमाटी बोलणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. त्यांना जूनमध्येच हेरून त्या कामाचं प्रशिक्षण दिलं, तर ही उणीव फार खर्च न करता भरून निघते. मात्र दुभाष्याने गाळायचं नाही आणि भरही घालायची नाही, हे त्यांच्याकडून घोटवून घ्यावं लागतं.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडंच. बहात्तर तासांच्या आत पोचणं महत्त्वाचं, पुराव्यासाठीही आणि एचआयव्ही प्रतिबंधाच्या औषधांसाठीही. आंघोळ घालू नये. अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना सडतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, विश्वासाचं माणूस सोबत असताना. आणि उपचारासाठी एफआयआरची वाट पाहायची नसते, हे खाजगी दवाखान्यातही सांगावं लागतं.

आता गृहभेट. ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, त्याला चोवीस तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं, सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा आणि समितीने चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा, असं २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं वेळापत्रक आहे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आदेशाला किमान तिघं लागतात. तो अहवाल करण्यासाठी घरी जावं लागतं, आणि गावात जाणं ही स्वतंत्र विद्या आहे.

पाटी लावलेली सरकारी जीप घरासमोर उभी राहिली की काम संपलं. संध्याकाळपर्यंत पारावर सगळा इतिहास तयार असतो. म्हणून एसटीने जायचं. परतीची गाडी आधी विचारून ठेवायची, कारण पाटण खोऱ्यात किंवा जतच्या टोकाला दिवसाकाठी दोन-तीनच फेऱ्या असतात आणि शेवटची बहुधा मुक्कामी. थांब्यावर त्या घराचा पत्ता विचारायचा नाही. आशा किंवा अंगणवाडी सेविकेबरोबर जायचं, कारण ती तशीही सगळ्यांच्या घरी जात असते. आणि एका घरी जायचं असेल तर आठ-दहा घरी जायचं. त्या दहा भेटीत ती एक मिसळून जाते. दिवस मोडतो, पाय दुखतात, पण त्याला दुसरा उपाय नाही. शेजाऱ्यांचं मत घ्या असं अहवालाच्या नमुन्यात असतं. ते घेताना 'त्यांच्या मुलीबाबत' असं म्हटलं की सगळंच उघडं पडलं. 'या आळीतली पोरं शाळेत रोज जातात का' इथून सुरू केलं, की पाहिजे ते आपोआप येतं.

ओळखपत्र गळ्यात हवंच, आणि कॉलेजची गावभेट आहे एवढं पोलीस पाटलांच्या कानावर घालूनच आत जायचं. हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात पोरं पळवणारे समजून चार साधूंना जमावाने मारलं होतं. अनोळखी माणूस लहान मुलांशी बोलतोय हे दृश्यच अफवेला पुरतं.

अहवाल लिहिताना विशेषणांचा सुळसुळाट होतो. 'घरचे वातावरण योग्य नाही', 'आई बेजबाबदार आहे', 'बालकाचे भवितव्य अंधकारमय आहे'. समितीसमोर असे कागद गठ्ठ्याने येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी जे दिसलं ते लिहावं: दोन खोल्या, मधल्या दाराला कडी नाही, मुलगी आजीजवळ झोपते, चुलता त्याच खोलीत, दुपारी साडेबाराला चूल पेटलेली नव्हती, लहान भावाने सकाळी चहा-बटर खाल्ल्याचं सांगितलं, हजेरीपटावर दिवाळीनंतर अकरा दिवसच हजर. मग आईला बेजबाबदार म्हणायची गरज राहत नाही, आणि कित्येकदा ती बेजबाबदार नसून पहाटे पाचला द्राक्षबागेच्या छाटणीला गेलेली असते, हेही त्याच कागदावरून दिसतं.

शिफारशीच्या रकान्यात 'बालगृहात दाखल करावे' हे विद्यार्थी फार लवकर लिहितात. कायद्याच्या तत्त्वांत संस्था हा शेवटचा उपाय आहे. आधी घर सावरता येतं का ते पाहायचं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळतात, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४००० रुपये, आणि तिथे ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० आहे. ही रक्कम छोटी वाटेल, पण विधवा आईला पोर जवळ ठेवायला ती कधी कधी पुरते. अडतं ते कागदावर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, मुलाचं बँक खातं, घरासमोर पालकाबरोबरचा फोटो, वडिलांचा मृत्यूचा दाखला. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. बाप तिकडेच वारला असेल तर दाखला तिकडच्या महापालिकेतून आणावा लागतो, आणि त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही. तिकडे फोन लावणं, गलाईवाल्यांच्या ओळखीतून माणूस गाठणं, प्रतिज्ञापत्र करून घेणं या कामात एखादा विद्यार्थी महिनाभर गुंततो. अशा महिन्याला गुण द्यायला मूल्यमापनाच्या तक्त्यात रकाना नाही. तो असायला हवा.

वयाच्या पुराव्याची गोष्ट वेगळी. बालविवाहाच्या प्रकरणात सगळं तिथेच येऊन थांबतं. कायद्यातला क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आणि आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरवर एक जूनला जन्मलेल्यांची फौज आहे, कारण पहिलीत घालायला वय बसवायचं म्हणून गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. लग्न चार दिवसांवर आलेलं, मांडव पडलेला, बाप म्हणतो पोरगी अठराची झाली, रजिस्टर म्हणतं अजून सहा महिने आहेत. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाने थांबवायचं असतं, पण त्याला रोज त्याच गावात बसायचं आहे. विद्यार्थ्यांनी अशा वेळी पुढे होऊन भाषण देऊ नये. रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी वेळेत ग्रामसेवकाच्या हातात पोचवावा, बस. कागद हातात असला की त्याला 'माझा नाइलाज आहे' म्हणता येतं आणि पुढचं काम सोपं होतं. मांडव निघाल्यावर मात्र त्या घरी जाणं सुरू ठेवायचं, कारण बरीच लग्नं पुढच्या आठवड्यात मामाच्या गावी लागतात.

या दोन जिल्ह्यांत हे काम करणाऱ्याला उसाचं वेळापत्रक पाठ असलं पाहिजे. रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, असे कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास हंगाम संपून पट्टा पडतो. बीडकडची, आणि आपल्याच जतची-माणची, कोयती उचल घेऊन येतात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, पण त्या उचलीत बारा वर्षांच्या मुलीचं काम न लिहिता धरलेलंच असतं: भाऊ सांभाळायचा, पाणी आणायचं, वाढे बांधायचे. खोपी रानाच्या कडेला पाचटाच्या, दाराला पडदा. आई-बाप पहाटे तीनला फडात गेले की मोठी मुलगी एकटीच मागे राहते.

इथे प्रकरण उभं राहिलं तर नोव्हेंबरची तक्रार, जानेवारीत जबाब, एप्रिलमध्ये तारीख, आणि टोळी गावाकडे निघून गेलेली. नोटीस खोपीच्या पत्त्यावर जाते, जिथे आता नांगरट झालेली असते. म्हणून पहिल्याच भेटीत मूळ गावाचा पूर्ण पत्ता, मुकादमाचं नाव, टोळीचा नंबर, आणि गावाकडे कायम राहणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाचा फोन लिहून घ्यायचा. टोळी आज कुठल्या फडात आहे हे कारखान्याच्या गट ऑफिसला किंवा चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) विचारावं, त्याला नेमकं माहीत असतं. मुलाला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे वर्ग करायची तरतूद कायद्यात आहे. ती मार्चच्या पहिल्या आठवड्यातच मागावी. फाइल बीडला पोचायला लागणारा वेळ धरावाच लागतो. शाळेसाठी शिक्षण हमी पत्रक सोबत दिलं, तर गावाकडच्या शाळेने त्या मुलाला वरच्या वर्गात बसवून घेण्याची शक्यता वाढते.

आता सपोर्ट पर्सन. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने असं माणूस नेमते, जे तपासापासून निकालापर्यंत सोबत राहतं आणि दर महिन्याला समितीला अहवाल देतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नेमणुकांबाबत निर्देशही दिले. पात्रता अशी: समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकासातली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी आणि मुलांच्या क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे तेवढा अनुभव नसलेला, अजून शिकत असलेला विद्यार्थी सपोर्ट पर्सन होऊ शकत नाही. कित्येक कॉलेजांत हे लक्षातच घेतलं जात नाही आणि एमएसडब्ल्यू भाग दोनच्या मुलीला एकटीला कोर्टात पाठवलं जातं. कॉलेजने करायचं ते हे, की पास झालेल्या आणि इथेच राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची नावं जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या यादीत घालायची, आणि आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्या मागे दुसरा म्हणून जोडायचं. मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावं असं नियम म्हणतो. ते हातात पडायला उशीर होतो, आणि जतहून सांगलीला कोर्टात यायचं म्हणजे एसटीत दोन-अडीच तास जातात. प्रवासखर्चाची छोटी रोकड विभागाने स्वतःजवळ ठेवली नाही, तर चांगली माणसं सहा महिन्यांत गळतात.

साक्षीच्या आधी एकदा मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणावं. न्यायाधीश कुठे बसतात, पाणी कुठे, बाथरूम कुठे, कुठल्या दाराने आत यायचं. आरोपीचे नातेवाईक फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर उभे असतात, म्हणून दुसरी वाट पाहून ठेवायची. त्या दिवशी डबा न्यायचा, चित्रांची वही न्यायची. अकराला बोलावतात आणि चारला पुढची तारीख पडते, असं होतंच. साक्ष काय द्यायची यावर एक अक्षरही बोलायचं नाही. सराव तर मुळीच नाही. जबाब वाचून दाखवणं हे सरकारी वकिलांचं काम. 'सामाजिक संस्थेच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक उलटतपासणीत येतं, आणि तो आरोप खरंच खोटा असायला हवा. बचावाचे प्रश्न थेट मुलाला न विचारता न्यायालयामार्फत विचारायचे, मूल आरोपीच्या नजरेसमोर येऊ नये, सुनावणी बंद दाराआड, हे सगळं कायद्यात आहे. गर्दीच्या दिवशी ते विसरलं जातं. सरकारी वकिलांना सकाळीच हळू आवाजात आठवण करणं, एवढाच त्यावर उपाय.

अमेरिकेत याच दुखण्यावर १९८५ साली अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये बड क्रेमर नावाच्या सरकारी वकिलाने उलटा विचार केला. मुलाने सगळ्यांकडे जाण्याऐवजी सगळ्यांनी एका घरात मुलाकडे यायचं: पोलीस, डॉक्टर, वकील, समाजकार्यकर्ते, मुलाखत एकदाच, बाकीचे दुसऱ्या खोलीतून ऐकणार. त्यातून 'चिल्ड्रन्स ॲडव्होकसी सेंटर' म्हणजे मुलांची बाजू घेणारी केंद्रं उभी राहिली आणि पुढे विद्यापीठांत त्याचे अभ्यासक्रमही आले. इलिनॉय विद्यापीठाच्या स्प्रिंगफिल्डच्या आवारात सरावासाठी एक खोटं घर आहे. त्यात पसारा मांडलेला, नट आई-बाप झालेले, आणि शिकाऊ माणूस दार वाजवून आत जातो. हे आपल्याकडे घ्यावं असं वाटतं. आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात खऱ्या घरात पाठवतो, कारण घरं जवळ आहेत आणि गरीब माणूस दार बंद करत नाही. म्हणजे सरावाचा खर्च त्या घराने सोसायचा. वर्गाच्या मागे पाचटाची एक खोपी आणि पत्र्याची एक खोली उभी करायला फार पैसे लागणार नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने चिडलेली आजी व्हायचं, आणि पहिल्या वर्षाच्या पोराने तिच्याशी बोलून दाखवायचं. इथे चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

आता ती दोन दिवसांची अडचण. क्षेत्रकार्य गुरुवार-शुक्रवार, आणि मुलाची तारीख मंगळवारी. वर्ष संपलं की विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या वर्षी पास होऊन पुण्याला. पॉक्सोचा खटला एका वर्षात संपवायचा असं कायदा म्हणतो, पण दोन-तीन उन्हाळे जातात. म्हणजे दर जूनमध्ये मुलासमोर नवा चेहरा, आणि नवा चेहरा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दहाचे चार करायला निघालेली माणसं स्वतःच अकरावी, बारावी, तेरावी होतात. या कार्यक्रमांचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो इमानदारीने बोलला जात नाही, कारण विद्यार्थ्यांना 'अनुभव' मिळायला हवा असतो.

त्यावर तोडगा आहे, तो कंटाळवाणा आहे. प्रत्येक फाइलचं पहिलं पान वेगळं ठेवायचं. त्यावर मुलाने आतापर्यंत काय, कुणाला, कधी सांगितलं आणि काय परत विचारायचं नाही, एवढंच. नाव नाही, क्रमांक. कपाटाला कुलूप, किल्ली पर्यवेक्षकाकडे. व्हॉट्सॲपवर काही नाही. गुणांसाठी जे रेकॉर्डिंग लिहायचं त्यातून गावाचं नाव, शाळेचं नाव, आडनाव काढून टाकायचं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात 'तिसऱ्या आळीतली नववीतली मुलगी' एवढंही पुरतं. प्रकल्प अहवाल बाइंडिंगला देताना तो झेरॉक्सच्या दुकानात रात्रभर पडून असतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, अभ्यासासाठी केलं तरी.

आणि जूनचा बदल एका दिवसात करायचा नाही. मुलाला एप्रिलमध्येच सांगायचं की पुढच्या वर्षी दुसरी ताई येणार आहे. पहिल्या भेटीला दोघी, बोलायचं जुन्या ताईने. दुसऱ्या भेटीला दोघी, बोलायचं नव्या ताईने. तिसऱ्या भेटीला नवी एकटी. सपोर्ट पर्सन मात्र तिन्ही वेळा तोच हवा, कारण टिकणारा चेहरा तोच. मूल बहुतेक वेळा तिसऱ्या भेटीत विचारतंच: 'तुम्हाला ठाव हाय का?' उत्तर तयार ठेवावं: 'कागदावर वाचलंय. तुला परत सांगायला नको. सांगावंसं वाटलं तर मी आहे.' आणि लगेच पुढच्या कामाला लागायचं. अकरावीचा प्रवेश तालुक्याला घ्यायचा असेल तर एसटीच्या मोफत पासाच्या अर्जावर कॉलेजची सही-शिक्का लागतो, आणि जूनच्या शेवटी त्या खिडकीवर रांग असते.